दुसरं अकात्सुकी

दम्माम, शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आदरणीय उस्मानचाचा,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही दम्मामचा नंबर दिसला की फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. तुम्हाला बाणकोटला जाऊन अडीच महिने होत आले. शरीफाचाचींना गेल्या जुम्म्याला फोन लागला. त्या म्हणाल्या की महाडला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता पेपर वाचता येतो. म्हणून मी अक्षर मोठं काढत नाही, नेहमीसारखंच काढतो.

इथे सगळं ठीक आहे. खोलीतला तुमचा खालचा पलंग रिकामा आहे. मी अजून वरच झोपतो. वर्कशॉपमध्ये सध्या एका तेल कंपनीच्या टाकीचं मॉडेल चालू आहे, सगळं प्लास्टिक. लाकडाचं काम तुमच्यानंतर आलं नाही.

जपानी साहेबांचं जहाज फेब्रुवारीत द्यायचं आहे. तुम्ही विचाराल, कुठलं जहाज, ते तर फुटलं. उमाकांत सरांनी मागच्या स्टोअरमधून फायबरचं एक मॉडेल काढलं. चार वर्षांपूर्वी कोणी तरी ऑर्डर देऊन न्यायला आलंच नव्हतं, ते. जुन्या जमान्याची विनाशिका, चार धुराडी, लांबी आपल्यासारखीच तीन फूट. नवा रंग दिला. आता काचेच्या पेटीत जहाजाच्या नोकरीची हकीकत ठेवायची आहे, म्हणजे कधी बांधलं, कुठे लढलं, कसं संपलं. ते काम माझ्याकडे आलं. सर म्हणाले, "शारीक, तू दहावी नापास असशील, पण तुझं स्पेलिंग चुकत नाही." मी ते दोन दिवस मनात घोळवत होतो. मग ते आठवायचं बंद केलं.

तुम्ही चौदा महिने ते जहाज बांधलंत. मी नकाशे धरले आणि शेवटी नाव रंगवलं. पण ते जहाज कोण होतं हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगावंसं वाटतं. साहेबांनी दिलेल्या इंग्रजी पुस्तकातून डिक्शनरी घेऊन मी उतरवलं आहे.

अकात्सुकी म्हणजे पहाट. जपानचं असलं तरी ते लंडनला थेम्स नदीकाठी बांधलेलं. १९०१ साली पाण्यात उतरलं. खरं जहाज सुमारे दोनशेवीस फूट लांब, अंगाने बारीक. आपण म्हणायचो ना की एवढ्या अरुंद पोटात माणसं मावली कशी? साठेक माणसं होती. कोळसा टाकणाऱ्यांना उभं राहायलाही जागा नव्हती, असं साहेब सांगतात. त्यांचे पणजोबा कोळसा टाकणाऱ्यांतलेच. फेब्रुवारी १९०४ मध्ये रशियाशी लढाई सुरू झाली तेव्हा पोर्ट आर्थर बंदरावर पहिला हल्ला करायला ज्या विनाशिका गेल्या त्यांत अकात्सुकी होतं. मार्चमध्ये परत लढलं. आणि १७ मेला त्याच बंदराबाहेर पाणसुरुंगावर गेलं. वीसहून जास्त माणसं गेली. पणजोबा त्यांत होते.

म्हणजे पाण्यात तीन वर्षं. एवढीच नोकरी.

त्या शनिवारबद्दल मी काही लिहीत नाही.

हनीफभाई सलाम सांगतात, असं लिहिणार होतो. पण त्यांनी सांगितलेला नाही. ते माझ्याशी हल्ली गाडीच्या कामापुरतंच बोलतात.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमचा शारीक


दम्माम, शुक्रवार, २४ जानेवारी

आदरणीय उस्मानचाचा,

मागचं पत्र पाठवलं नाही. गादीखाली आहे. हेही कदाचित तिथेच जाईल.

काल शरीफाचाचींशी बोललो. त्यांचे शब्द तसेच लिहितो, कारण तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. त्या म्हणाल्या, "माणूस घरात आहे आणि नाही. हत्यारांची पेटी माळ्यावर चढवलीय. कादिर आला होता, म्हणाला, 'उस्मानचाचा, होडीला एवढी एक फळी बसवून द्या, माझ्याने वळत नाही.' तर ह्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि सांगितलं, 'हे हात आता फक्त जेवायचे.' रमजानच्या आधी पेटी कादिरलाच देऊन टाकणार आहेत. तू सांग ना रे त्यांना काही. तुझं ऐकतात."

माझं ऐकतात.

ती पेटी तुमच्या वडिलांची आहे. तुम्ही मला पहिल्या वर्षी तिच्यातल्या रंध्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मी शुक्रवारी तुमच्या परवानगीने फक्त पुसायचो.

जहाजाचं पुढे सांगतो. ते सांगताना मला थोडं धाडस येतं.

मी १७ मे १९०४ लिहून वही मिटणार होतो. सवयीने पुढची पानं तपासली, तर पुढच्या वर्षीच्या मोठ्या लढाईत परत अकात्सुकी. वाटलं, माझ्या वाचण्यात चूक झाली. तीनदा तपासलं. चूक नव्हती.

झालं असं होतं की जहाज बुडाल्याचं जपानने बाहेर कळू दिलं नाही. ऑगस्टमध्ये रशियाची एक विनाशिका चीनच्या चीफू बंदरात आसऱ्याला आली. ते तिसऱ्या देशाचं बंदर, तिथे लढायचं नसतं. तरी जपानी विनाशिकांनी आत शिरून तिला ओढून नेलं. ओढून नेणाऱ्या दोघींपैकी एक कासुमी होती, अकात्सुकीची सख्खी बहीण, त्याच लंडनच्या कारखान्यातली. मग त्या रशियन जहाजाला जपानी रंग दिला आणि नाव दिलं अकात्सुकी. पहिलं अजून आहेच, असं शत्रूला वाटावं म्हणून. हे दुसरं अकात्सुकी त्सुशिमाच्या लढाईत गेलं आणि तिथे आपल्याच बाजूच्या एका छोट्या टॉर्पेडो बोटीवर आदळलं. ती बोट बुडाली. लढाई संपल्यावर, लपवायची गरज उरली नाही तेव्हा, त्याचं नाव काढून घेतलं आणि दुसरं दिलं.

मी हे उमाकांत सरांना वाचून दाखवलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "म्हणजे खुद्द नेव्हीनेच केलंय! मग आपण काय वेगळं करतोय? दे टाळी." मी टाळी दिली.

चाचा, त्या फायबरच्या जहाजावर नाव मीच घातलं. तुमच्या जहाजावर घातली होती तीच चार जपानी अक्षरं, तोच ब्रश. तुमच्या जहाजाच्या वेळी मी आठवडाभर जुन्या पेपरवर सराव केला होता, आणि तुम्ही पाठीमागे उभे राहून श्वास धरला होता. या वेळी एका दुपारी झालं. हात जरासुद्धा हलला नाही. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता त्या शनिवारचं थोडं लिहितो.

सकाळी सरांनी जहाजावरची चादर काढली आणि डाव्या कुशीला वीतभर चीर दिसली. आतलं अंधारं पोट दिसत होतं. तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी नवा सरस वापरला होता, जुन्या कंपनीचा मिळाला नाही म्हणून, आणि तेव्हापासून तुमच्या मनात धाकधूक होती. "हा सरस मला ओळखत नाही, पोरा," असं म्हणाला होतात. चीर पाहून सर म्हणाले, "चाचा, डोळे दाखवा म्हणून किती महिने सांगतोय. जोड उघडले बघा." तुम्ही जहाज हातातसुद्धा घेतलं नाहीत. लांबूनच म्हणालात, "माझा हात गेला."

मग सर माझ्याकडे वळले. "गुरुवारी झाकलं तूच ना? तेव्हा कसं होतं?"

मी म्हणालो, "मी गडबडीत होतो सर. नीट पाहिलं नाही."

तुम्हाला वाटलं असेल, पोरगा मला वाचवतो आहे. तुम्ही माझ्याकडे तसंच पाहिलंत. तसं नव्हतं, चाचा.

महिन्याच्या आत तुमच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का पडला. जपानी साहेबांच्या हातात जहाज स्वतः देऊन मगच गावी जाईन, असं तुम्ही वर्षभर म्हणत होतात. विमानतळावर तुम्ही मला वर्कशॉपची किल्ली सांभाळ म्हणालात. ती किल्ली तुम्हीच भरवशाने माझ्याकडे दिली होती. मी खाली पाहून हो म्हणालो.

आज एवढंच जमतं.

शारीक


दम्माम, शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आदरणीय उस्मानचाचा,

मंगळवारी जपानी साहेब आले होते. ते इथली नोकरी संपवून पुढच्या महिन्यात कायमचे घरी चालले आहेत. तुम्हाला आठवत असेल, ते दर महिन्याला यायचे, तुमच्या शेजारी स्टुलावर बसायचे, आणि तुम्ही दोघं एक शब्द न बोलता चहा प्यायचात. उमाकांत सर म्हणायचे, "दोघांना एकमेकांची भाषा येत नाही म्हणूनच जमतं."

साहेबांनी आल्या आल्या विचारलं, "उस्मानसान?"

सर म्हणाले, "रिटायर्ड. डोळ्यांचा त्रास."

साहेबांनी मान हलवली. फायबरच्या जहाजाभोवती एक फेरी मारली. वाकून धुराडी पाहिली, मग माझी अक्षरं पाहिली. मग बोटाच्या नखाने जहाजाच्या कुशीवर टकटक केलं. ताटावर वाजावं तसं वाजलं. सर घाईने म्हणाले की विमानाच्या प्रवासात लाकडापेक्षा फायबर टिकतं, तसं ईमेलमध्ये कळवलं होतं. साहेबांनी मी लिहिलेली जहाजाची हकीकत मागितली.

मी दोन पानं केली होती. सरांनी दुसऱ्या जहाजाचा भाग काढायला सांगितला होता, पण मी तो ठेवला होता. मुद्दाम ठेवला की विसरलो, हे मला सांगता येणार नाही. मी सहसा काही विसरत नाही.

साहेबांनी उभ्याने वाचलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच आहे, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, म्हणून मला ते कळतं. वाचून झाल्यावर ते तुमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हा दुसऱ्या जहाजाचा भाग माझ्या पणजीला माहीत नव्हता."

त्यांच्या घरी सांगतात ते असं. पणजोबा गेल्याचं पणजीला कोणी कळवलं नाही. पत्रं येत नव्हती, पण लढाईत येत नाहीत, असं सगळे म्हणायचे. पुढच्या वर्षी मोठा विजय झाला तेव्हा शेजारचा मास्तर पेपर घेऊन धावत आला. त्यात अकात्सुकीचं नाव होतं. गल्लीतल्या बायका तिच्या दारात जमल्या. तिने नवऱ्याचे कपडे काढून उन्हात घातले. साहेब म्हणाले, "तो मेला हे तिने पुढे सहन केलं. पण ते कपडे उन्हात घातले होते, हे ती नव्वदाव्या वर्षीसुद्धा रागाने सांगायची. माझ्या वडिलांनी ऐकलंय."

मग ते सरांना म्हणाले, "मी पहिल्या जहाजासाठी आलोय. पहिलं कुठे आहे?"

"डिस्ट्रॉइड, सर," उमाकांत सर म्हणाले. "कचऱ्यात गेलं."

मी म्हणालो, "माझ्याकडे आहे."

चाचा, मला ते टाकायला सांगितलं होतं. मी टाकलं नाही. चादरीत गुंडाळून तुमच्या पलंगाखाली ठेवलं होतं, पाच महिने. तुम्ही वर्कशॉपमध्ये शेवटचे तीन आठवडे होतात तेव्हा रोज त्याच्यावरच झोपत होतात.

हनीफभाईंबरोबर खोलीवर जाऊन ते आणलं. येताना गाडीत ते पहिल्यांदा माझ्याशी कामाशिवाय बोलले. म्हणाले, "पलंगाखाली? अरे, लोक पलंगाखाली लोणचं ठेवतात. तू काय ठेवलंस बघ." मग सिग्नलला म्हणाले, "आता सांगतोस की मी सांगू?"

टेबलावर चादर उघडली. चीर वाढत जाऊन तीन फळ्या सुट्या झालेल्या, एक धुराडं वाकडं. साहेबांनी जहाजाच्या कण्यावरून, टोकापासून टोकापर्यंत, हात फिरवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कसं झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सरांसमोर, हनीफभाईंसमोर.

म्हणजे एका परक्या माणसाला आधी सांगितलं आणि तुम्हाला अजून नाही. खोलीवर येऊन हे लक्षात आलं आणि मला जेवण गेलं नाही.

उमाकांत सर माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी त्या म्हाताऱ्याला तोंडावर बोललो रे. तू तिथेच उभा होतास." आता मला पाट्यांच्या टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं आहे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेपर्यंत तिथेच. ते बरोबर आहे.

हनीफभाई रमजानसाठी गावी चालले आहेत. बुधवार, २६ तारखेचं विमान आहे. त्यांनी मुदत दिली आहे, "मी विमानात बसायच्या आत पाकीट माझ्या हातात पाहिजे. नाहीतर म्हसळ्याला घरी जायच्या आधी मी खाडी उतरून बाणकोटला जाईन आणि उस्मानचाचांच्या ओट्यावर बसून तोंडानेच सांगेन. आणि मी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेन, हे तुला माहीत आहे."

शारीक


दम्माम, मंगळवार, २५ फेब्रुवारी

आदरणीय उस्मानचाचा,

ही चारही पत्रं एकाच पाकिटात आहेत. हे शेवटचं असलं तरी तुम्ही हेच आधी वाचलंत तरी चालेल.

तुमचं जहाज मी फोडलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर. वर्कशॉप बंद होतं, किल्ली माझ्याकडे होती. तुम्ही जुम्म्यानंतर झोपला होतात. म्हसळ्याच्या इफराचं स्थळ आलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा नक्की काय करतो?" आमच्या अब्बांनी सांगितलं, "जहाजं बनवतो." मी ते खोडून काढलं नाही. मग त्यांनी फोटो मागितला. वर्कशॉपच्या टेबलावरचा फोटो मला पुरेसा वाटला नाही. टेबलावर ते खेळणं दिसत होतं.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, "चाचा, पाण्यात सोडून बघू या?" तुम्ही म्हणालात, "पाणी न लागलेली होडी म्हणजे कपाट, पोरा. मलाही वाटतं. पण हे दाखवायचं जहाज आहे. पोटात वजन नाही. उलटं होईल." म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कुठेच लिहू शकत नाही. गावाला नवी होडी पाण्याला लावतात तेव्हा सगळा मोहल्ला किनाऱ्यावर येतो, पोरांना खजूर वाटतात. तुमच्या या जहाजाला ते काहीच मिळणार नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की मी तुमच्यासाठी करतो आहे. ते खोटं होतं. फोटोत मी एकटाच होतो.

हनीफभाईंना सांगितलं की तुमची परवानगी आहे. त्यांनी गाडी काढली. असरच्या नमाजनंतर कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्याला, दगडांच्या आत पाणी शांत असतं, तिथे गुडघाभर पाण्यात उतरलो. दोन्ही हातांनी जहाज ठेवलं आणि हात काढले.

ते तरंगलं, चाचा. सरळ उभं राहिलं. पोटात काही नसताना. नाक जरा वर उचललेलं, तुम्ही नकाशावरून बोट फिरवत दाखवायचात तसंच. एक लहान मुलगी तिच्या आईला ओढत बघायला आली. हनीफभाई किनाऱ्यावरून ओरडले, "अरे, हे तर जिवंत आहे!" त्यांनी फोटो काढले. पहिल्या आणि शेवटच्या फोटोमध्ये आठ सेकंद आहेत, मोबाईलमध्ये वेळ दिसते.

मग लांबून एक पाण्याची स्कूटर गेली. तिची लाट आली, आणि जहाज तुम्ही सांगितलं होतं तसंच उलटं झालं. मी पकडायच्या आत दगडावर आपटलं.

वर्कशॉपमध्ये आणून बाटल्यांच्या गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं. धुराडं चिकटवलं. पण पोटातलं पाणी निघेना. म्हणून हीट गन लावली. ओल्या लाकडाला. ज्या माणसाने मला सहा वर्षं शिकवलं की लाकूड घाईने वाळवायचं नसतं, त्याच्या जहाजाला. आवाज झाला, चट्ट, फळी फाटल्याचा. मी हीट गन बंद केली, चादर टाकली, कुलूप लावलं आणि तुमच्यासाठी येताना दोन शावरमा आणले. तुम्ही खाल्लेत आणि म्हणालात, "आज काय खास?"

हनीफभाईंना मी हात जोडले होते. दोष त्यांचा नाही.

तो फोटो इफराच्या वडिलांनी आपल्या स्टेटसला लावला होता. मागच्या आठवड्यात मी तिला खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग ते ज्यांनी बनवलं त्यांना माहीत आहे?" मी म्हणालो, अजून नाही. ती म्हणाली, "मग मला आधी कशाला सांगता? तुम्हाला माणसांचा क्रम लावता येत नाही का?" आणि फोन ठेवला. पुढे काय होईल माहीत नाही. तिच्या वडिलांनी स्टेटस काढलं आहे.

साहेबांनी फायबरचं जहाज घेतलं नाही. ते तुमचं फुटलेलं जहाज नेणार आहेत. सरांनी स्वतः पेटी बनवून दिली. साहेब म्हणाले, "माझे पणजोबा फुटलेल्या जहाजातच होते. घरी अख्खं नेऊन काय करू?" फळ्या ते सुट्याच ठेवणार आहेत. पितळी पाटी मात्र त्यांना नवी पाहिजे होती, आणि ती मीच करायची असं ते म्हणाले. पॅकिंगवरून एक दिवस मला टेबल मिळालं. पाटीवर वर जहाजाचं नाव आणि दोन तारखा, पाण्यात उतरल्याची आणि बुडाल्याची. खाली असं आहे, मराठीत सांगतो. "हे जहाज बाणकोटच्या उस्मान पावसकर यांनी दम्माममध्ये बांधलं. ते एकदा पाण्यावर तरंगलं. ते शारीक होडेकर याने बुडवलं." शेवटची ओळ साहेबांनी सांगितली नव्हती. मी विचारलं, घालू का? ते म्हणाले, "स्पेलिंग तपास."

तीनदा तपासलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते.

सुट्या तीन फळ्यांपैकी एक मी साहेबांकडून मागून घेतली. ती पाकिटासोबत कापडात आहे. हनीफभाईंना सांगितलं आहे की बॅगेत न टाकता हातात न्या. चाचा, ती घेऊन ओट्यावर उजेडात बसा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघा. एका कडेचा रंग मी घासून काढला आहे. तिथे तुमचा जोड आहे, आणि जोडाच्या पलीकडे शेजारच्या फळीची एक बारीक चीप अजून चिकटलेली आहे. ती चीप जोडातून सुटलेली नाही. लाकूड फाटलं, जोडापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, आणि सरस ते फाटलेलं लाकूड धरून बसला. मी सगळी चीर भिंग लावून तपासली. एकाही ठिकाणी जोड उघडलेला नाही. तुमचा हात गेलेला नव्हता. हे मी रंग घासला त्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून जाणतो. तुम्ही तेव्हा अजून खालच्या पलंगावर होतात.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. मागायची ती तुमच्यासमोर उभं राहून मागेन, तुम्ही दारात येऊ दिलंत तर. माझ्या सुट्टीला अजून अकरा महिने आहेत. तोपर्यंत पेटी कादिरभाईंना देऊ नका, एवढंच. दिली असेल तर परत मागा. त्यांच्या फळीला बाक येत नाही असं शरीफाचाची म्हणाल्या.

मी खोटं खूप नीट बोलतो हे तुम्हाला आता कळलं आहे. म्हणून माझ्या अक्षरावर विश्वास ठेवू नका. लाकूड घेताना तुम्ही दुकानदाराचं कधी ऐकलं नाहीत, फळीला जीभ लावून बघायचात. ही फळी आतून मी धुऊ शकलो नव्हतो.

जीभ लावून बघा. खारट लागेल.

शारीक